मेल्यानंतरचे दोन श्वास

बुधवार, ३ फेब्रुवारी

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी समोरच्या घरातल्या सूनबाईंनी माझ्या थोरल्या बहिणीला तिची मुलगी मरताना दाखवली. वेळ मी तिथल्या तिथे भिंतीवरच्या घड्याळात पाहून कॅलेंडरच्या कडेला लिहून ठेवली. लोक नंतर वेळेवरून फाटे फोडतात.

खुब्याचं हाड मोडल्यापासून ताई पुढच्या खोलीत, खिडकीपाशी पलंगावर असते. मी इस्त्रीचे कपडे आणायला खाली गेले होते. तेवढ्यात सूनबाई 'काकूंना सोबत' म्हणून येऊन बसल्या आणि त्यांनी फोन काढला. "काकू, ही तुमची टिटवीच ना? सगळीकडे हीच फिरतेय." मी दारात पोचले तेव्हा फोन ताईच्या हातात होता आणि त्यातून किंकाळी येत होती. ती किंकाळी मी पाठमोरीसुद्धा ओळखेन. लहानपणी नुसते केस विंचरायला घेतले तरी पोरगी तशीच ओरडायची, म्हणून तर तिला टिटवी म्हणायला लागले मी.

सूनबाई म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "कुणाला अक्कल किती आहे तेही ठाऊक आहे. या आता."

ताई रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "कधी झालं?"

मी सांगितलं की हा सिनेमा आहे, टिटवीने त्यात काम केलंय, ते रक्त रंगाचं आहे. ताई "बरं" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. रात्री जेवली नाही.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

सकाळचा चहा तसाच. दुपारचं ताट तसंच.

सिनेमाचं नाव 'अकरा टक्के'. कॅमेऱ्याच्या बॅटरीचे अकरा टक्के. गोष्ट अशी की चार तरुण मुलं एका बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीत चित्रण करायला जातात आणि परत येत नाहीत. नंतर फक्त त्यांचा कॅमेरा सापडतो आणि त्यात जे होतं ते आपण पाहतो आहोत. हे सगळं खरंच घडलं असं लोकांना वाटावं म्हणून कुणाचं नाव पडद्यावर येत नाही. शहरभर भिंतींवर चौघांचे फोटो लावलेत, खाली 'यांना कुणी पाहिलंय का?' मी पाहिलंय. तिचं पहिलं दप्तर मी शिवलंय. पण विचारणाऱ्याला उत्तर नको आहे. या चौघांनी करार केलाय: येत्या ऑगस्टअखेरपर्यंत कुठे दिसायचं नाही, फोटो काढून घ्यायचे नाहीत, स्वतःचा फोन वापरायचा नाही. कंपनीने त्यांना परदेशात कुठेतरी ठेवलंय. म्हणजे पोरगी वर्षभर मेल्याची नोकरी करते आहे.

हे सगळं मला सप्टेंबरपासून माहीत आहे. ताईला मी 'लांब काम मिळालंय' एवढंच सांगितलं होतं. आता खरं सांगते तर तिला पटत नाही, आणि त्याला कारण आहे. तिचा नवरा गेला तेव्हा तिचं स्वतःचं ऑपरेशन झालेलं होतं. डॉक्टर म्हणाले, इतक्यात सांगू नका. मी आठ दिवस तिला सांगत राहिले, आज ताप उतरला, आज पेज घेतली, आज तुझी चौकशी केली. नवव्या दिवशी खरं सांगितलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हाच ती आणि सात वर्षांची टिटवी माझ्याकडे राहायला आल्या. ताई त्यावरून मला कधी बोलली नाही. पण आज म्हणाली, "तू पेज घेतली म्हणायचीस, तशी म्हणू नकोस."

सोमवार, ८ फेब्रुवारी

सिनेमा कंपनीच्या कार्यालयात जाऊन आले. काचेची दारं, काचेच्या भिंती, आणि बसायला अशा खुर्च्या की बसलेल्या माणसाला उठायला दुसरं माणूस लागावं. मी उभीच राहिले. पाऊण तासाने जनसंपर्क अधिकारी आला. दाढी कोरलेली, मोजे नाहीत.

"बोला ना मावशी."

"मी जिची मावशी आहे ती तुमच्याकडे आहे. तुम्ही मला बाई म्हणा."

तो हसला. माणूस वाईट नाही, फक्त त्याला कुणी कधी उभं राहून वाट पाहायला लावलेलं नाही.

मी विचारलं, "ती जिवंत आहे?"

"अर्थात. एकदम मजेत."

"तसं लिहून द्या."

"ते नाही जमणार, बाई. असा एक कागद बाहेर गेला तर सगळा खेळच संपेल."

"म्हणजे ती जिवंत आहे हे तोंडी, आणि मेली हे छापील."

"हे भारी बोललात," तो म्हणाला, आणि खरंच कुठेतरी टिपून घेतलं.

मी त्याला सांगितलं की पेन्शन कार्यालयात एकतीस वर्षं मी हयातीच्या दाखल्याच्या टेबलावर होते. दरवर्षी पेन्शनवाला माणूस समोर यायचा, मी त्याला पाहायची, तो सही करायचा, मग माझा शिक्का. ज्याला जिना चढवत नसे त्याच्यासाठी मी खाली गाडीपर्यंत गेले आहे. एका मुलाने बापाच्या अंगठ्याचा ठसा घरून आणला होता, त्याला परत पाठवलं. बाप वारून दोन महिने झाले होते. आधी माणूस, मग शिक्का. तर या बाबतीत माझ्याशी वाद घालू नये.

त्याने वाद घातला नाही. उलट म्हणाला की घरच्यांना काही बंदी नाही. दर रविवारी दहा ते अकरा चौघांना घरी फोन करू देतात. फक्त ज्यांचे नंबर मुलांनी फॉर्मात दिलेत त्यांनाच. त्याने संगणक माझ्याकडे वळवला. पडद्यावर तिने हाताने भरलेला फॉर्म होता. अक्षर तिचंच, मी वळवलेलं. 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात आडवी रेघ होती.

आमच्याकडे कोरा रकाना म्हणजे माणूस विसरला, आणि रेघ म्हणजे 'कोणी नाही'. पण टिटवीला फॉर्म भरायचं वळण कधीच नव्हतं. घाईत मारली असणार. मी त्याला म्हटलं, फॉर्म अपुरा आहे, तुम्ही तो स्वीकारायलाच नको होता. घरात फोन एकच, माझा. तो नंबर त्याला लिहून दिला. तो म्हणाला, "नंबर तिनेच द्यावा लागतो." मी म्हटलं, मग विचारा तिला. तो म्हणाला, "विचारलं होतं, बाई."

कुणी काय विचारलं देव जाणे. अशा कार्यालयांत निरोप वाटेतच मरतात.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

सकाळच्या खेळाला गेले. तक्रार करायची तर वस्तू पाहिली पाहिजे.

हे असलं माणसं का बघतात मला कळलेलं नाही. पहिल्या मुलाला आकड्याला टांगून मारतात. दुसऱ्याची बोटं यंत्रात जातात, एकेक करून, आणि आपल्याला मोजायला वेळ देतात. मारणारे दिसत नाहीत, त्यांचे बूट तेवढे दिसतात. रक्त फार. चौघांच्या अंगात मिळून जेवढं असेल त्याच्या दुप्पट एकट्या पहिल्याचं सांडलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी तोंडावर रुमाल धरून बाहेर गेली, तिच्याबरोबरचा मात्र बसून राहिला. माझ्या मागे कोणी तरी सारखं हसत होतं. ते हसू भीतीचं होतं.

एक तास दहा मिनिटांनी टिटवीची पाळी आली. कॅमेरा जमिनीवर आडवा पडतो, त्यामुळे सगळं आडवं दिसतं; मी मान वाकडी करून पाहिलं. तिला पायाला धरून ओढत आणतात. लोकर कापायची मोठी कातर असते, तिने गळा. किंकाळी. मग ती कॅमेऱ्याकडे तोंड करून पडते, डोळे उघडे, आणि कॅमेरा तसाच चालू राहतो. कोपऱ्यात बॅटरीचा आकडा कमी होत जातो. तीन मिनिटं काहीही होत नाही.

माझी नजर सवयीने जिथे जायची तिथे गेली. गळ्याखाली दोन हाडांच्या मधला खळगा. जिना चढून आलेल्या म्हाताऱ्यांचा तो धापा टाकताना दिसतो. एक तास बारा मिनिटं वीस सेकंदांनी तो खळगा किंचित आत गेला आणि वर आला. पाऊण मिनिटाने पुन्हा. माझ्या घड्याळाचे काटे अंधारात दिसतात, त्यामुळे चूक नाही.

मेल्यानंतर दोन श्वास.

बुधवार, १० फेब्रुवारी

ताईला सांगितलं. जसं पाहिलं तसं, वेळेसकट. तिने भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"कुठे हललं?"

मी माझ्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं.

"दोन्ही वेळा तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"अंधारात?"

"पडद्यावर उजेड असतो, ताई."

ती म्हणाली, "तिला लहानपणी लपाछपीतसुद्धा श्वास धरून बसता यायचं नाही. पहिली सापडायची." मग तिने वाटीभर भात मागून घेतला आणि मीठ कमी असल्याचं ऐकवलं. मीठ बरोबर होतं. 

मंगळवार, १६ फेब्रुवारी

ताई म्हणाली, पुन्हा जाऊन ये. गेले. दोन. घरी येऊन चपला काढायच्या आत तिने विचारलं, "घेतला?" मी म्हटलं, "दोनदा."

दारावर तिकिटं पाहणाऱ्या बाईने आज मला निरखून पाहिलं. "आवडला वाटतं सिनेमा?" मी म्हटलं, "किळस आली." ती म्हणाली, "हो, सगळे तसंच म्हणतात आणि परत येतात."

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

कंपनीला सविस्तर तक्रार धाडली. एकूण चौदा मुद्दे. रक्ताचं प्रमाण. गिरणीची वीज तोडलेली असताना यंत्र चालतं कसं. अडीच टक्के बॅटरी सतरा मिनिटं पुरते कशी. मुद्दा नववा: मृत मुलगी एक तास बारा मिनिटं वीस सेकंदांनी आणि त्यानंतर पाऊण मिनिटाने श्वास घेते, सबब हे चित्रण खरं असल्याचा दावा आपल्याच पुराव्याने खोटा ठरतो, सबब सुरुवातीला तसं स्पष्ट छापावं. नववा मुद्दा लिहिताना मला बरं वाटलं. मुद्देसूद काम करून बरेच दिवस झाले होते.

दुपारी सिनेमावर बंदी मागणाऱ्या संघटनेच्या दोघीजणी आल्या. निवेदन घेऊन. वर्तमानपत्रांत रोज हाच वाद चालू आहे: एक म्हणतो कला, दुसरा म्हणतो विकृती. मी वाचलं, प्रत्येक शब्द मला पटला. सही केली नाही. निवेदनावर तारीख नव्हती. बिनतारखेच्या कागदावर मी सही करत नाही. त्यांनी तिथेच तारीख घातली, तरी केली नाही. मला कामं होती.

आता इथे लिहायला हरकत नाही. बारा सप्टेंबरला दारात थोडी बोलाचाली झाली होती. मी टिटवीला सांगत होते की असल्या सिनेमात काम करण्यापेक्षा घरी बस. ती म्हणाली, "मावशी, मी यात मरते, पण इतकी छान मरते ना, तू बघच." मी म्हटलं, "मला बघायची गरज नाही. या दारातून गेलीस की मला तू मेलीसच." हे आपण बोलतो. आमची आई आम्हा दोघींना दिवसातून चारदा मारायची अशी तोंडाने आणि तासाभराने जेवायला हाक मारायची. टिटवी हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिने चपलेचा पट्टा नीट केला आणि गेली. मी जेवायला हाक मारायच्या आत ती गाडीत बसली होती, एवढाच काय तो फरक.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

दोन. ताई आज भिंतीला धरून खिडकीपर्यंत चालत आली होती. मी खाली रस्त्यावर दिसताच तिने वरून दोन बोटं दाखवून मान उडवली, म्हणजे विचारलं. मीही दोन बोटं दाखवली. समोरच्या सूनबाई गॅलरीतून पाहत होत्या. त्यांना काय वाटलं असेल ते असो.

गुरुवार, ४ मार्च

परवाही दोन. आणि आज चक्क कंपनीतून फोन आला. लेखी उत्तर देत नाहीत ते नाहीतच, पण जनसंपर्कवाला फार अदबीने बोलला. "बाई, तुमचं पत्र आमच्या दिग्दर्शकांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. इतक्या बारकाईने कुणी पाहिलेलाच नाही. तुमचे सात मुद्दे आम्ही मान्य केलेत. उद्यापासून सगळीकडे दुरुस्त केलेली नवी प्रत लागतेय."

मला समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू. एकतीस वर्षांत मी वरच्यांना किती टिपणं पाठवली, त्यांतल्या एकाचीही कुणी दखल घेतली नव्हती. मी म्हटलं, "सुरुवातीला छापलंत का मग, की हे खरं नाही?"

"ते नाही हो. ते कसं करणार? बाकीचं केलंय."

मी विचारायला हवं होतं की कोणते सात. विचारलं नाही. माझं टिपण मान्य झालं याचाच मला आनंद.

मंगळवार, ९ मार्च

दहाचा खेळ. यंत्र हाताने फिरवायचं झालं आहे. बॅटरीचा आकडा बरोबर उतरतो. रक्त कमी केलंय.

एक तास बारा मिनिटं वीस सेकंद. काही नाही. मला वाटलं घड्याळ मागे असेल. थांबले. पाऊण मिनिट झालं, दीड झालं. खळगा तसाच. डोळे तसेच. तीन मिनिटं ती पडून होती आणि तिच्यात काहीही हललं नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कुठेही काहीही न हलणारी माणसं मी पाहिली आहेत, गाडीपर्यंत गेले होते तेव्हा दोनदा. त्यांच्या कागदावर मी शिक्का मारला नव्हता.

खेळ संपल्यावर दिवे लागले तरी मी बसून होते. दारावरची बाई आत आली. "काय हो, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "नवी प्रत आहे." ती म्हणाली, "हो, आता जास्त खरी वाटते म्हणतात."

पुढच्या खेळाचंही तिकीट काढलं. पुन्हा पाहिलं. नाही.

घरी पोचायला दोन तास उशीर झाला. ताई खिडकीत उभी होती. खालूनच मी दोन बोटं दाखवली.

बुधवार, १० मार्च

आमच्या कॉन्व्हेंटच्या शाळेत शुक्रवारी ख्रिस्ती मुली पाद्र्यापुढे कबुलीजबाबाला जायच्या. आम्ही बाकीच्या त्या धर्मातल्या नव्हतो, म्हणून आम्हाला बाहेर बाकावर बसवत. तिथे आम्ही आमची पापं एकमेकींनाच सांगायचो आणि एकमेकींनाच माफ करायचो. आता बाकावर दुसरं कोणी नाही, म्हणून वहीत लिहिते. काल मी न पाहिलेल्या माणसाचा हयातीचा दाखला दिला. आयुष्यात पहिल्यांदा. आठ दिवसांच्या त्या पेजेला मी खोटं मानलं नव्हतं, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आज सकाळी ताईने पुन्हा विचारलं, "काल दोन्ही घेतले?"

"दोन्ही."

"नीट पाहिलंस?"

"दोन खेळ पाहिले. म्हणून तर उशीर झाला."

ताईने हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "पुढच्या मंगळवारी नको जाऊस. उगाच त्या गारठ्यात बसतेस." तिने तिच्या पुढ्यातली पेजेची वाटी माझ्याकडे सरकवली. म्हणाली, घे, तू कालपासून काही खाल्लेलं नाहीस. मला आश्चर्य वाटलं. एवढे आठवडे तीच मला पाठवत होती, आणि आता तिला बरं वाटतंय तर नको म्हणते. म्हातारपणी माणूस लहरी होतो. पेज घेतली. तिच्यासमोर घ्यावी लागली, ती पाहत बसली होती.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू तिला लिही ना."

"कंपनीला लिहिलंय की."

"तिला म्हणतेय मी."

गुरुवार, ११ मार्च

खालील पत्र आज पोचपावतीसह पाठवलं. इथे नक्कल.

"महोदय,

माझ्या १९ फेब्रुवारीच्या पत्रातील मुद्दा क्रमांक नऊ मी मागे घेत आहे. आपल्या सिनेमातील मुलगी मेल्यानंतर दोनदा श्वास घेत होती. तो दोष नव्हता. तो तिथे होता म्हणून एका बाईने महिनाभर अन्न खाल्लं. दुरुस्तीच्या नावाखाली आपण तो काढून टाकलात. चूक दाखवणारी मी होते, त्यामुळे निम्मी जबाबदारी माझी. ते दोन श्वास आपण जसे होते तसे परत घालावेत. तुमच्या खेळाला त्यामुळे धक्का बसत असेल तर बसू द्यावा.

सोबत बंद पाकीट जोडलं आहे. ते आपल्याकडे असलेल्या माझ्या भाचीच्या हाती समक्ष द्यावं. आत दोनच ओळी आहेत आणि त्या आपल्या उपयोगाच्या नाहीत. तरी आपण उघडून वाचणारच, म्हणून इथेही देते: 'बारा सप्टेंबरला दारात मी जे बोलले ते मागे घेते. ते मी लेखी मागे घेत आहे, कारण तोंडी बोललेलं मागे घ्यायला तू समोर नाहीस.'

तिने कुठे दिसावं, कुणाला भेटावं, तुमचा करार मोडावा, असं माझं काही म्हणणं नाही. फोनही नको, फोनवर मी काय बोलेन याची मला खात्री नाही. तिने एका कागदावर तिच्या अक्षरात काहीही लिहावं. आईसाठी लिहावं. मला उद्देशून नसलं तरी चालेल. शिवी असली तरी चालेल, अक्षर तिचं असलं म्हणजे झालं.

मुदतीनंतर आलेला कागद मी एकतीस वर्षं परत पाठवत आले. हा पाठवणार नाही. पण म्हणून मुदत नाही असं कुणी समजू नये. उत्तर मंगळवार, २३ मार्च रोजी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडलं पाहिजे, आणि ते लेखी असलं पाहिजे."